टाचेपुरता खळगा

मॅक्सिन टॉलिव्हरसमोर उंच टाचांच्या बुटांचं नाव काढायचं नाही, हे हॅल्बर्ट मोटर्समधल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. काढलं की संपलंच. समोर शिपाई असो की साहेब, ती अशी काही हजेरी घ्यायची की शेजारी उभा असलेलाही कान खाजवत निघून जायचा.

आणि का घेऊ नये? महायुद्धाच्या दिवसांत हीच बाई कारखान्यातून निघालेली कोरी करकरीत विमानं एकटीनं उडवत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला पोचवत होती. लढाई संपत आली, पोरं घरी परतायला लागली, आणि वरून बायकांना निरोप आला, फार उपकार झाले, आता या. गेलं विमान तर गेलं, निदान मोटार तरी चालवू, म्हणून मॅक्सिन डेट्रॉइटला हॅल्बर्टच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला मोटार दिली, नाही असं नाही. पण कुठली? फिरत्या चौथऱ्यावर ठेवलेली! जिथे जिथे मोटारींचं प्रदर्शन, तिथे तिथे झुळझुळीत झगा घालून, तीन बोटं उंच टाचांवर उभं राहून, गाडीच्या दाराला नुसता हात लावायचा आणि हसत हसत गोल फिरायचं. दिवसभर. गाडी जागची हलायची नाही आणि संध्याकाळी हिच्या पायांना मात्र फोड आलेले असायचे.

शिकागोच्या प्रदर्शनात शेवटी तिचा तोल सुटला. भर गर्दीत तिनं पायातले बूट काढले, समोरच्या शोभेच्या कारंज्यात एकामागून एक भिरकावले आणि अनवाणीच हॅवरकॅम्प साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. हॅवरकॅम्प म्हणजे प्रसिद्धी खात्याचे मुख्य. गोल पोट, गोल चष्मा, आणि तोंडात सदा पुदिन्याची गोळी.

"साहेब, मी ड्रायव्हर आहे. टोप्या अडकवायची खुंटी नाही. मला चाचणी मैदानावर टेस्ट ड्रायव्हर म्हणून घ्या, नाहीतर ही मी चालले."

दुसरा कोणी असता तर त्यानं तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं. पण हॅवरकॅम्पचं डोकं चोवीस तास बातमी शोधत असायचं. गोळी या गालातून त्या गालात सरकवत ते म्हणाले, "आपली नवी कॅमेलिया आहे ना, बायकांसाठीची? ती घेऊन यूटाला चल, मिठाच्या सपाट मैदानावर, जिथे वेगाचे विक्रम करतात. जाता-येता मिळून सरासरी ताशी दीडशे मैल काढलेस, की चाचणी मैदान तुझं. नाही निघाले, तर निमूटपणे परत चौथऱ्यावर. झग्यासकट आणि टाचांसकट."

"द्या टाळी," मॅक्सिन म्हणाली. "पण चालवताना पायात काय घालायचं ते मी ठरवणार."

"अगं, पोतं गुंडाळ पायाला! मला काय त्याचं!"

तर अशी ती वरात सप्टेंबरात वेंडोव्हर गावाबाहेरच्या मिठावर येऊन थडकली. आता ही कॅमेलिया काय प्रकरण होतं तेही सांगायला हवं. लांबलचक, बुटकी, फिकट गुलाबी गाडी. वर काचेचं गोल झाकण, मिठाईच्या दुकानात केकवर ठेवतात तसं. आत गुलाबी गालिचा, लिपस्टिक ठेवायला कप्पा, छत्रीला नळकांडं, आणि आरसे तर इतके की स्वतःचं नाक टाळता येत नसे. पण नाकासमोरच्या झाकणाखाली होतं ते इंजिन मात्र असलं नखरेल नव्हतं. ते शर्यतीच्या गाडीतलं, जबर. कारखान्यात गाडीला 'महाराणी' म्हणायचे, आणि तिची बडदास्तही तशीच ठेवावी लागायची.

आता हॅल्बर्टमध्ये एक रीत होती. गाडीचं रूप काढणारे वरच्या मजल्यावर, इंजिन बनवणारे खाली, आणि दोघांत सवतीसवतीचं नातं. वरच्या मजल्याला कायम कुलूप. नवी गाडी कशी दिसणार हे बाहेर फुटू नये म्हणून इंजिनवाल्यांनाही तिथे मज्जाव. खालचे वरच्यांना 'शिंपी' म्हणायचे आणि वरचे खालच्यांना 'लोहार'. शिंप्यांनी कपडा बेतायचा, लोहारांनी त्यात इंजिन कोंबायचं, आणि एकमेकांना विचारायचं काही नाही. विचारलं तर जीभ झडेल!

मिठावर दोन्ही घरांतलं एकेक माणूस होतं. लोहारांकडून ओट्टो केसलर, साठीचा, आडमाप देहाचा मेकॅनिक. त्याच्या पट्ट्याला कायम एक हातोडी लटकत असायची. तिचा दांडा त्याच्या हातानं झिजून काळा चकचकीत झाला होता आणि त्या हातोडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. शिंप्यांकडून आली होती जिनीव्हा प्रुसाक, गाद्या, गालिचे आणि रंग बघणारी. बारीक चणीची, तुरुतुरु चालणारी. तिच्याकडे एक मोठी पिशवी होती आणि पिशवीत गाडीच्याच रंगाची टोपी, हातमोजे आणि, देवा रे, बूट. उंच टाचांचे, गुलाबी. फोटोत सगळं गाडीशी जुळलं पाहिजे असा वरचा हुकूम होता. मॅक्सिननं पहिल्याच दिवशी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "जिनीव्हा, इथे कारंजं नाही म्हणून वाचले हे."

कामाला सुरुवात झाली आणि सगळ्यांची तोंडं उतरत गेली. मॅक्सिन आपले विमानाच्या दिवसांतले जुने, सपाट, तपकिरी बूट घालून बसायची, मिठावर आखलेल्या काळ्या रेघेवरून गाडी नाकासमोर पळवायची, पाय अगदी तळाला टेकवायची, आणि आकडा यायचा एकशे एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकशे एकेचाळीस. जणू गाडीनं शपथ घेतली होती.

ओट्टोनं इंजिन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. प्लग बदलले. पेट्रोल गाळून घेतलं. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल हातानं दाबून पाहिलं तर पार खालपर्यंत जात होतं आणि इंजिन पूर्ण उघडत होतं. स्वतः आत बसून बघावं म्हटलं तर त्याचं पोट स्टिअरिंगखाली जाईना.

"पोरी, तू खरंच पूर्ण दाबतेस ना?" तिसऱ्या दिवशी त्यानं घाबरत घाबरत विचारलं.

"नाही रे, फुलं वेचत येते वाटेत!" मॅक्सिन कडाडली. "तळाला लागतो पाय माझा. आणखी दाबला तर मिठात उतरेल."

शेवटचा दिवस उजाडला. वेळ मोजणारे गृहस्थ, सॉर्ली नाव त्यांचं, दुपारी आपलं टेबल मिटून जाणार होते. दुसऱ्या दिवसापासून मैदान भलत्याच कुणाला दिलेलं होतं. सॉर्ली त्याच मुलखातले, काटकुळे, शब्द जपून वापरणारे. कॉफीला शिवायचे नाहीत, लिंबाचं सरबत घोट घोट घ्यायचे. रोज सकाळी ते गाडी आतबाहेर तपासायचे आणि शिशाचं सील लावायचे. त्यांचे नियम दोनच आणि दोन्ही दगडासारखे. सील लागलं की दिवसभर गाडीत काही घालायचं नाही आणि गाडीतलं काही काढायचं नाही. पेट्रोल आणि टायर तेवढे चालतील. दुसरा नियम, एकदा या टोकाकडून पळालात की तासाभरात त्या टोकाकडून परत पळायचं, तरच दोन्ही धरून सरासरी.

सकाळची पहिली फेरी झाली. आकडा आला. एकशे एकेचाळीस.

मॅक्सिन गाडीतून उतरली ती सरळ मिठावर बसलीच. रडली नाही. पण कुणी हळूच पाठीवर हात ठेवला असता तर रडली असती, अशी तिची गत झाली होती. तिच्या डोळ्यांपुढे तो चौथरा फिरायला लागला होता. हसा, मॅक्सिन, हसा. तेच दार, तेच लोक, तेच गोल गोल. आयुष्यभर.

हॅवरकॅम्पनाही वाईट वाटत होतं. पण त्यांच्या पोटात बातमीची भूक मोठी. "असू दे गं," ते म्हणाले. "फोटो तरी चांगले घेऊन जाऊ. टोपी, हातमोजे, बूट, सगळं चढव आणि आत बस. हसून."

"साहेब!"

"पैज हरलीस ना? मग आजपासूनच सुरुवात कर."

जिनीव्हानं पिशवी पुढे केली. तिच्याकडे बघून मॅक्सिनला जास्तच राग आला, कारण जिनीव्हाच्या स्वतःच्या पायात साधे सपाट कापडी बूट होते.

"तू नाही घालत टाचांचे?"

"मी? मिठावर? वेड लागलंय का मला!" जिनीव्हा पटकन बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मॅक्सिननं बूट चढवले. गुलाबी हातमोजे चढवले. ती टोपी डोक्यावर आपटली आणि गाडीत जाऊन बसली. इंजिन चालूच होतं, कारण ओट्टो पुढचं झाकण उघडून अजून त्याच्यावर कान लावून बसला होता. बिचाऱ्यानं आशा सोडली नव्हती. हॅवरकॅम्पनी आणलेला फोटोवाला मागच्या चाकाशी, उघड्या दारातून पाय दिसेल असा, मिठावर पालथा पडला आणि ओरडला, "जरा पाय पुढे घ्या, बाई! गाडी चालवताय असं दिसू दे!"

"दिसू दे काय? घे!" म्हणून मॅक्सिननं संतापानं पाय आपटला.

आणि पाय खाली गेला. खाली गेला, आणि नेहमीच्या जागी न थांबता आणखी खाली गेला. महाराणीनं अशी काही आरोळी ठोकली की ओट्टो मागच्या मागे बसकण मारून पडला, धुराड्यातून निघालेल्या फुफाट्यानं फोटोवाला नखशिखांत पांढरा झाला, आणि हॅवरकॅम्पनी तोंडातली गोळी आख्खी गिळली.

मॅक्सिननं पाय काढला. पुन्हा दाबला. पुन्हा तीच आरोळी. मग तिनं बूट काढला, नुसत्या पायानं दाबलं. पाय नेहमीच्या जागी अडकला.

"ओट्टो," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "इकडे ये. या गालिच्याखाली काय आहे?"

ओट्टोनं वाकून हात घातला, चाचपलं. "खड्डा आहे गं. पेडलच्या खाली. चांगला तीन बोटं खोल."

"खड्डा काय म्हणता? टाचेचा खळगा आहे तो," जिनीव्हा म्हणाली. "मीच तर गाडीच्या मातीच्या नमुन्यात कोरला होता. बाई गाडी चालवणार म्हणजे उंच टाच असणार, ती टेकवायला जागा हवी, असं आमच्या मुख्यांनी ठरवलं. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

तर असा सगळा घोळ होता! सपाट बुटातली टाच त्या खळग्यात घसरायची, पावलाचा मधला भाग कडेवर टेकायचा, आणि पायाला वाटायचं लागला तळ. तळ कसला, खळग्याची कड ती. गुडघा वर उचलून दाबावं तर स्टिअरिंग आडवं. हातानं दाबलं की सगळं ठीक, कारण हाताला टाच नसते.

"माहीत आहे?" ओट्टो लालबुंद झाला. "कोण सांगणार आम्हाला? तुमच्या मजल्याला कुलूप!"

"तुम्ही कधी विचारलंत का?"

"कुलपाला विचारू?"

"आणि मी सांगितलं होतं मुख्यांना!" जिनीव्हाचाही आवाज चढला. "म्हटलं, साहेब, मी रोज सपाट बुटांत गाडी चालवत कामावर येते. तर म्हणे, तुझी गोष्ट वेगळी, तू नोकरी करणारी. मी बायकांबद्दल बोलतोय."

यावर मॅक्सिनला इतकं हसू आलं की टोपी पडली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचंही नव्हतं.

ओट्टो म्हणाला, खळग्यात लाकूड ठोकतो, पाच मिनिटांचं काम. सॉर्लींनी टेबलामागून नुसती मान हलवली. "सील लागलंय. गाडीत काही घालायचं नाही."

"अहो, एवढासा तुकडा!"

"एवढासाही नाही." सॉर्लींनी सरबताचा घोट घेतला. मग आकाशाकडे बघत म्हणाले, "ड्रायव्हरनं काय घालावं याबद्दल मात्र नियमात काही नाही."

सगळे मॅक्सिनच्या पायांकडे बघायला लागले. एका पायात गुलाबी बूट होता, एक पाय अनवाणी.

"नाही," मॅक्सिन म्हणाली. "मरेन पण नाही. कारंज्यात फेकलेत मी हे. सगळ्या जगासमोर. आता हेच घालून विक्रम करू? उद्या पेपरात काय येईल? बघा, शेवटी टाचांशिवाय बाईचं अडलंच! हॅवरकॅम्प साहेबांचे डोळे बघा कसे चमकताहेत ते."

हॅवरकॅम्पनी घाईघाईनं चष्मा काढून पुसायला घेतला.

जिनीव्हा तिच्याजवळ आली. "मॅक्सिन, मी अकरा वर्षं त्या कुलपाच्या आत गाद्यांचे रंग निवडतेय. गाडीचं नाक मला कधी आखू दिलं नाही. तुला एक दार उघडं मिळतंय, तर त्याच्या उंबऱ्याचा रंग कशाला बघतेस? बूट त्यांचा असेल. आतला पाय तुझाच आहे ना?"

मॅक्सिननं खाली बघितलं. पायाची बोटं हलवून पाहिली. मग दुसरा बूट उचलला.

"झाकण लाव, ओट्टो," ती म्हणाली. "आणि कुणी हसलंत तर आल्यावर बघते एकेकाला."

महाराणी निघाली. पहिल्या मैलात मॅक्सिनला कळलं की आजवर आपण या गाडीला ओळखतच नव्हतो. पाय खाली गेला आणि जातच राहिला, आणि पाठ गादीत रुतली. पांढरं मीठ, निळे डोंगर, मधली काळी रेघ, सगळं अंगावर धावून आलं. विमान धावपट्टी सोडताना वाटायचं ना, तसं वाटलं तिला. इतक्या वर्षांनी. ती काचेच्या झाकणाखाली एकटीच मोठमोठ्यानं गायला लागली, सूर गेला खड्ड्यात.

मागोमाग मोटारीतून सगळं लटांबर दुसऱ्या टोकाला पोचलं तेव्हा सॉर्लींच्या तिथल्या माणसाकडे आकडा आलेला होता. एकशे सत्तावन्न! ओट्टोनं टोपी हवेत उडवली. हॅवरकॅम्प धावत सुटले, एवढं पोट घेऊन, आणि त्यांनी मॅक्सिनला गाडीतून अक्षरशः ओढूनच काढलं. "फोटो! फोटो! पाय दाखव!"

आणि तिथेच घात झाला. उजवी टाच मिठाचा पापुद्रा फोडून आत गेली, साहेबांनी पुढे ओढलं, आणि कट्! टाच मिठात, बूट पायात.

सगळे थिजले. परतीची फेरी राहिली होती आणि तासातली निम्मी मिनिटं संपली होती.

ओट्टोनं बूट हातात घेऊन उलटापालटा केला. "खिळे उपटून आलेत, तळ फाटलाय. ही टाच आता बसत नाही." जिनीव्हा म्हणाली, डावा बूट उजव्या पायात घालून बघू. घातला. तीन बोटं आत गेली, दोन बाहेर राहिली. हॅवरकॅम्प मिठावर गुडघे टेकून बसले होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते, "गाढव! गाढव आहे मी!" ते कुणी नाकारलं नाही.

मॅक्सिननं मात्र तो बूटही पायातून काढला. आता तिला रागही येईना आणि रडूही येईना, डोकं एकदम स्वच्छ झालं. "जिनीव्हा, माझे तपकिरी बूट आहेत ना पिशवीत? त्यांचा तळ जाड चामड्याचा आहे. खिळा धरेल. फक्त खाली टाच हवी. तीन बोटं उंच, खळग्यात बसेल अशी. लाकडाची. कठीण लाकडाची."

लाकूड! मैलोन् मैल मीठ. झाड नाही, झुडूप नाही, कुंपणाचा खांब नाही. टेबल सॉर्लींचं, ते त्या टोकाला. ओट्टोनं सामानाची पेटी उपसली, सगळं लोखंड. तो उभा राहिला. मग त्याचा हात हळूहळू पट्ट्याकडे गेला.

"ओट्टो, नको," मॅक्सिन म्हणाली.

"माझ्या बापानं बसवलाय हा दांडा," ओट्टो म्हणाला. "हिकरीचं लाकूड. वाकत नाही, फुटत नाही." त्यानं करवत घेतली. दोनदा हात लांब करून मागे घेतला. मग म्हणाला, "तिकडे तोंड करा सगळ्यांनी," आणि कापायला लागला.

टाच तयार झाली. ठोकायची कशानं? हातोडीचं नुसतं डोकं मुठीत धरून ओट्टोनं खिळे ठोकले, दोनदा स्वतःच्या अंगठ्यावर. जिनीव्हानं वरून गुलाबी हातमोज्याची पट्टी काढून घट्ट आवळली. मॅक्सिन एका पायावर उंच, एका पायावर बुटकी, डुगडुगत गाडीत चढली. सॉर्लींचा माणूस घड्याळाकडे बघत होता.

"गाडीत काही घातलं नाही," तिनं त्याला ठणकावून सांगितलं. "माझ्याच बुटाला ठोकलंय."

परतीची फेरी पहिलीसारखी गाण्याची नव्हती. वारा तिरका लागत होता आणि गाडी रेघ सोडायला बघत होती. त्यात ओट्टोच्या एका खिळ्याचं टोक तळातून वर आलेलं. पाय दाबला की ते टाचेत रुतायचं. जिथे वेळ मोजायचे त्या मैलाची खूण दिसली तेव्हा पाऊल सगळं ओलं झालं होतं आणि तो घाम नव्हता. जरा सैल सोड, एक मन म्हणत होतं, जराच. दुसऱ्या मनाला चौथरा दिसत होता. "फिर तू गोल!" मॅक्सिन ओरडली, कुणावर कोण जाणे, आणि हिकरीची टाच खळग्यात रोवून तिनं पाय पार तळाला नेला. खऱ्या तळाला.

सॉर्लींनी पेन्सिलीला टोक केलं. बेरीज केली. पुन्हा केली. सरबत प्यायले. हॅवरकॅम्पच्या तोंडात तीन गोळ्या होत्या.

"जाताना एकशे सत्तावन्न, येताना एकशे त्रेपन्न," सॉर्ली म्हणाले. "सरासरी एकशे पंचावन्न. अभिनंदन, बाई. पायातून रक्त येतंय तुमच्या."

मग काय विचारता! ओट्टोनं जिनीव्हाला उचललं, लोहारानं शिंपिणीला, आणि दोघं मिठावर नाचायला लागली. मॅक्सिन गाडीच्या नाकावर बसली आणि आता मात्र पोटभर रडली. कुणी पाठीवर हात ठेवायची वाट न बघता.

हॅवरकॅम्प मोडका गुलाबी बूट घेऊन आले. "हा हातात धर. मथळा तयार आहे माझ्याकडे, उंच टाचांवर विक्रम!"

मॅक्सिननं डोळे पुसले आणि पाय फोटोवाल्याच्या नाकापर्यंत उचलला. जुना तपकिरी बूट, खाली हातोडीचा काळा चकचकीत दांडा, वाकडे खिळे, गुलाबी पट्टी. "काढ याचा," ती म्हणाली. "आणि साहेब, शब्द दिला होतात."

हॅवरकॅम्पनी वाकून तो बूट न्याहाळला. मग हसायला लागले, पोट धरून. "दिला होता. सोमवारपासून ये. अगं, हा तर माझ्या मथळ्यापेक्षाही भारी आहे!"

सोमवारी सकाळी मिशिगनच्या चाचणी मैदानाच्या फाटकाशी एक लंगडणारी बाई मोठी पिशवी घेऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. आत नवे गुलाबी टाचांचे बूट, सपाट कापडी बूट, बर्फातले जाड बूट, घरात घालायच्या मऊ सपाता आणि ओट्टोचा एक होडीएवढा जोडा.

"बूट विकणाऱ्यांनी मागच्या फाटकानं जायचं, बाई."

"विकायला नाही आले. मी टेस्ट ड्रायव्हर."

स्वतःला तिनं आजवर कधी मोठ्यानं असं म्हटलं नव्हतं.  पण अगदी साधे, रोजचे शब्द निघाले ते.

"मग एवढे बूट कशाला?"

"बायका काय काय घालून गाडी चालवतात ते वरच्या मजल्यावर माहीत नाही," मॅक्सिन म्हणाली. "एकेक घालून दाखवणार आहे. उघडा फाटक."